डेऱ्यात लोण्याचा गोळा होतो, मग पेशीत का नाही?

प्रश्न : सर, नमस्कार. आमच्या घरी दोन म्हशी आहेत. परवा मी ताक करत होते आणि मुलगी शेजारी बसून अकरावीचं जीवशास्त्र मोठ्यानं वाचत होती. पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं आवरण, मेदाच्या दोन थरांचं असतं म्हणे. माझ्या डेऱ्यात तर मेदाचा गोळा होतो. पेशीत का होत नाही? आणि थर दोनच का?
— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : ताई, कोल्हापुरात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण हा प्रश्न एकाही पोरानं विचारला नाही. त्यांच्या घरी लोणी पुड्यातून येत असावं.

लोण्यातल्या मेदाच्या रेणूला तीन शेपट्या, तिन्ही पाण्याला भिणाऱ्या. त्यामुळे सगळे एकमेकांना बिलगतात आणि गोळा होतो. पटलातला मेद वेगळा, त्याचं नाव फॉस्फोलिपिड. त्याला शेपट्या दोनच. तिसरीच्या जागी फॉस्फेटचं डोकं, आणि या डोक्याला पाणी हवंहवंसं. फळ्यावर मी तो दोन शेपट्यांच्या बेडूकमाशासारखा काढायचो. आता पेशीच्या बाहेर पाणी, आतही पाणी. थर एकच असता तर एका अंगाच्या शेपट्या भिजल्या असत्या. दोन थर शेपटीला शेपटी लावून उभे राहिले की डोकी दोन्हीकडच्या पाण्यात आणि शेपट्या मध्ये कोरड्या. हे आपोआप जुळतं. एवढं करून जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी.

थर दोन आहेत हे १९२५ साली हॉलंडमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी ताडलं. रक्तातल्या तांबड्या पेशींचा मेद ॲसिटोननं काढून त्यांनी पाण्यावर एकाच थरात पसरला, तर तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला. गंमत म्हणजे मेद पुरता निघालाच नव्हता आणि पेशींचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं, उत्तर बरोबर आलं! परीक्षेत मी असल्या पेपरला मार्क दिले नसते.

माझी चूक मात्र कुणी खाल्ली नाही. पटल म्हणजे पन्हाळ्याची तटबंदी आणि त्यातली प्रथिनं म्हणजे गडाचा ‘तीन दरवाजा’, असं मी वर्षानुवर्षं शिकवलं. दरवाज्याचं ठीक आहे. साखरेला, मिठाला आत शिरायचं तर प्रथिनांच्याच वाटेनं जावं लागतं. पण तटबंदी जागची हलत नाही, पटल तेलासारखं पातळ असतं. १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकमेकींत मिसळवली, दोघींच्या प्रथिनांना वेगवेगळे रंग लावून. ३७ अंशांवर ४० मिनिटांत रंग एकमेकांत मिसळून गेले. तीन दरवाजा तरंगत तरंगत गडावरच्या तबक उद्यानात पोचला म्हणा ना.

आता तुमच्या डेऱ्याकडे येतो. म्हशीच्या कासेतल्या पेशीतून मेदाचा थेंब बाहेर पडतो तो त्याच पेशीच्या पटलाचा तुकडा अंगाभोवती लपेटून. म्हणून तर दुधात थेंब सुटे राहतात. रवी फिरली की ते पांघरूण फाटतं, आतला तीन शेपट्यांचा मेद उघडा पडतो आणि एकमेकांना चिकटत जातो. फाटलेलं पांघरूण बरंचसं ताकात उतरतं.