कर्ज फेडून नोकरी सोडावी का? सीएमएल झालेल्या घराचा हिशेब

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. मजकूर थोडक्यात असा. मिस्टर ४२ वर्षांचे, सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर, वर्षाचा पगार साडेदहा लाख, हातात येतात महिन्याला ७४,०००. दीड वर्षापूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या दिसल्या आणि पुढच्या तपासण्यांत सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर निघाला. तेव्हापासून रोज इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी आणि दर तीन महिन्यांनी रक्तात आजार किती उरलाय ते मोजणारी बीसीआर-एबीएलची पीसीआर तपासणी. रिपोर्ट चांगले येताहेत. क्रिटिकल इलनेस, म्हणजे गंभीर आजार निघाल्यावर एकरकमी पैसे देणाऱ्या पॉलिसीचे २५ लाख मिळाले, ते बचत खात्यात पडून आहेत. गृहकर्ज २३ लाख बाकी, व्याज ८.२५ टक्के, अजून १३ वर्षं, हप्ता २४,१००. घरखर्च ३५,०००, औषध आणि तपासण्यांचे सरासरी ६,०००. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत.

मिस्टरांचा बेत असा: २३ लाख भरून कर्ज मिटवायचं, शिफ्टची नोकरी सोडायची आणि उरलेले दोन लाख व पीएफमधले तीन घालून ताईंच्या भावाच्या निफाडच्या खत-बियाण्यांच्या दुकानात भागीदार व्हायचं. ‘माझ्यामागे तुमच्या डोक्यावर कर्ज नको,’ एवढंच ते म्हणतात. ताई विचारतात, हो म्हणू का?

ताई, नमस्कार.

सगळं कर्ज फेडू नका, आणि नोकरी तर मुळीच सोडू नका. का ते सांगते.

तुमच्या मिस्टरांनी हिशेब मांडलाय तो स्वतःच्या मरणाचा. ब्लड कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर कुणीही तोच मांडेल. पण त्यांचा आजार कुठला आहे ते बघा. इमॅटिनिब २००१ साली बाजारात आलं आणि सीएमएलचं चित्रच पालटलं. औषधाला चांगला प्रतिसाद देणारे, गोळी न चुकवणारे रुग्ण साधारण इतरांइतकंच जगतात. म्हणजे पुढची वीस-पंचवीस वर्षं रोज गोळी, ठरावीक तपासण्या, मधूनमधून थकवा आणि रात्री पायात येणारे गोळे, हे सगळं धरून संसार चालवायचाय. तुमच्या घराला खरी भीती आहे ती मध्येच पगार थांबण्याची, किंवा ही गोळी पुरेनाशी होऊन महागडं औषध लागण्याची. दोन्ही वेळी हाताशी रोकड लागते. फेडलेल्या कर्जाच्या भिंतीतून रोकड निघत नाही.

त्यांच्या पश्चात कर्ज कोण फेडणार, याची सोय तुमच्याकडे आधीच आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरता उल्लेख केलाय की, कर्ज घेताना बँकेने एक विमा ‘गळ्यात मारला’ आणि त्याचा एकरकमी प्रीमियम कर्जातच घातला. एरवी या विम्याबद्दल मी फारसं चांगलं बोलत नाही, महाग असतो. पण आज ते कागद कपाटातून बाहेर काढा. मिस्टरांचं काही बरंवाईट झालं तर उरलेलं कर्ज भागवायलाच तो असतो. शिवाय त्यांची ५० लाखांची टर्म पॉलिसी वेगळी आहे. सीएमएलचं निदान झाल्यावर नवा टर्म विमा मिळणं जवळजवळ अशक्य. म्हणून हे दोन्ही विमे आता सोन्यापेक्षा जपायचे. टर्मचा हप्ता ऑटो-डेबिटवर टाका आणि त्या पॉलिसीत ‘वेव्हर ऑफ प्रीमियम’चा रायडर, म्हणजे हप्तेमाफीची जोडसोय, आहे का ते वाचा. असला आणि गंभीर आजार त्यात बसत असला, तर पुढचे हप्ते माफ व्हायला हवेत. लोक पॉलिसीचं दुसरं पान उघडतच नाहीत.

कर्ज पूर्ण फेडायला गेलात की बँकेतला माणूस इतर कागदांबरोबर तो विमा बंद करण्याचा सरेंडर फॉर्मही पुढे सरकवेल. थोडे पैसे परत मिळतात म्हणून लोक सही करून मोकळे होतात. पुन्हा कधीच विकत न मिळणारं विम्याचं कवच असं हातातून जातं. कर्ज पुढेमागे फेडलंत तरी त्या फॉर्मवर सही करू नका. कर्ज मिटल्यावर विमा मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो का आणि पैसे वारसाला मिळतील का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

आता नोकरी. मिस्टरांना वाटतं नोकरी म्हणजे ७४,००० रुपये आणि नाइट शिफ्ट. मला तिच्यात आणखी तीन गोष्टी दिसतात. कंपनीचा पाच लाखांचा ग्रुप मेडिक्लेम, ज्यात सीएमएल असूनही ते आज बसतात. पीएफबरोबर फुकट मिळणारा ईडीएलआय विमा, नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला जास्तीत जास्त ७ लाख. आणि आजारपणाच्या पगारी रजा. दुकानात यातलं एकही नाही.

‘बाहेरून मेडिक्लेम घेऊ’ असं कुणी म्हणेल. नियमाने आधीच्या आजाराला आता जास्तीत जास्त तीन वर्षंच थांबायला लावता येतं, हे खरं. पण प्रस्तावच नाकारायचा अधिकार कंपनीकडे आहे, आणि चालू उपचार असलेल्या ल्युकेमियाला हो म्हणणारी कंपनी शोधत फिरावं लागेल. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते. तिथेही कंपनी कागद तपासतेच, म्हणून राजीनाम्याआधी विचारायचं, नंतर नाही. शेवटचा आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. ती आता सगळ्याच रेशनकार्डधारकांना खुली आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. मात्र ती मुख्यतः यादीतल्या रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, दुकानातून घेतलेल्या रोजच्या गोळीसाठी नाही. रेशनकार्ड अद्ययावत करून ठेवा, पण तिच्या भरवशावर राजीनामा नको.

शिफ्टचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. इमॅटिनिबवर थकवा येतो, डोळ्यांभोवती सूज येते, पायात गोळे येतात. त्यासाठी हिमॅटॉलॉजिस्टकडून, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञांकडून, दोन ओळींचं पत्र घ्या आणि एचआरकडे कायम दिवसपाळी मागा. पगारात तीन-चार हजारांचा शिफ्ट अलाउन्स कमी झाला तरी चालेल. बहुतेक जण हे मागतच नाहीत, एकदम राजीनाम्यावर जातात.

एचआरकडे गेलाच आहात तर ग्रुप पॉलिसीची पूर्ण प्रत मागा, ते कार्डावरचं एक पान नव्हे. दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, ओरल केमोथेरपी, म्हणजे तोंडाने घ्यायची कॅन्सरची औषधं. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ साली आधुनिक उपचारांची यादी दिली, तिच्यात ती आहे. कंपन्या त्यावर मर्यादा घालतात, आणि इमॅटिनिब त्यात मोडतं की नाही यावर हुज्जतही घालतात, पण विचारायला पैसे पडत नाहीत. दुसरी, नूतनीकरणाच्या वेळी कर्मचाऱ्यांना स्वखर्चाने टॉप-अप, म्हणजे वाढीव संरक्षण, घेता येतो का. अशा टॉप-अपला बऱ्याचदा वैद्यकीय प्रश्नच विचारत नाहीत. असला तर मिळेल तेवढा घ्या.

तुमची आणि मुलांची पॉलिसी मात्र वेगळी घ्या, तुमच्या नावावर. मिस्टरांना त्यात घालायचा हट्ट धरलात तर चौघांचा अर्ज अडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढी बचत.

आता २५ लाखांचं.

७ लाख कर्जात भरा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. इथे एक मेख आहे: पैसे भरले की बँक आपोआप मुदत कमी करते आणि हप्ता तोच ठेवते. एरवी मीही तेच सांगते, व्याज जास्त वाचतं म्हणून. तुम्ही उलट करा. लेखी अर्ज देऊन हप्ता कमी करून घ्या, मुदत १३ वर्षंच राहू दे. हप्ता २४,१०० वरून साधारण १६,७५० वर येईल. घरखर्च आणि औषध धरून महिन्याची गरज ५८,००० च्या आत येते. पगार थांबला तर हा आकडा जितका लहान तितकं बरं. पगार चालू असेपर्यंत वाचलेले सातेक हजार हवे तर वर्षाअखेरी कर्जात भरा, कुणी अडवत नाही.

८ लाख वर्षभराच्या खर्चासाठी आणि थोडे वर. एफडी करा, पण एकच मोठी नको. एक-एक लाखाच्या आठ करा, म्हणजे गरजेला एकच मोडता येईल. दोघांच्या नावावर, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ लिहून, म्हणजे दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील. दोन बँकांत वाटा, कारण ठेव विमा दर बँकेमागे पाच लाखांपर्यंतच आहे. तुमच्याकडे कुणीतरी पतसंस्थेचे साडेनऊ टक्के सांगून गेलंय असं लिहिलंयत. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा लागू नाही. औषधाचे पैसे तिथे ठेवायचे नाहीत, विषय संपला.

उरले १० लाख. यातले ६ लाख आजाराच्या पुढच्या वळणासाठी, दोन-तीन वर्षांच्या एफडीत. इमॅटिनिबला आजार दाद देईनासा झाला तर डॉक्टर डॅसॅटिनिब, निलोटिनिबसारखी औषधं देतात. त्यांच्याही स्वस्त भारतीय आवृत्त्या, म्हणजे जेनेरिक, आल्या आहेत, पण महिन्याचा खर्च वाढतो, आणि त्याच्याही पुढे गेलं तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा खर्च लाखांत असतो. ही वेळ बहुतेकांवर येत नाही. पण गोळ्या चुकवणाऱ्यांवर ती येण्याची शक्यता जास्त, आणि गोळ्या चुकतात त्या पुष्कळदा पैशापायीच. म्हणून ‘या महिन्यात ओढाताण आहे, गोळी एक दिवसाआड घेतो’ असं मिस्टर कधी म्हणाले तर आधी एफडी मोडा.

या औषधाच्या किमतीचा इतिहास मिस्टरांना सांगा, थोडा धीर येईल. मूळ कंपनीचं ग्लिव्हेक, म्हणजे ब्रँडचं इमॅटिनिब, भारतात महिन्याला एक लाख वीस हजारांच्या घरात होतं, तेव्हाची जेनेरिक आठ-दहा हजारांना. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याचं पेटंट नाकारलं आणि भारतीय कंपन्यांचा रस्ता मोकळा राहिला. आज तुम्ही लिहिता की गोळ्यांना महिन्याला अडीच हजारही लागत नाहीत. जनऔषधी केंद्रातही चौकशी करा, पण ब्रँड बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि दर महिन्याला नवा ब्रँड असं करू नका.

काही वर्षांनी गोळी बंद करता येते, असं मिस्टरांनी कुठेतरी वाचलंय. दीर्घकाळ फार चांगला रिपोर्ट राहिलेल्या काही रुग्णांत डॉक्टर तसं करून बघतात, त्यातल्या जवळपास निम्म्यांना ती पुन्हा सुरू करावी लागते आणि त्या काळात पीसीआर जास्त वेळा करावी लागते. तो निर्णय डॉक्टरांचा. अंदाजपत्रकात गोळी कायमचीच धरा.

राहिलेले ४ लाख मुलीसाठी. तिच्या पदवीच्या शिक्षणाला अजून पाच-सहा वर्षं आहेत. साध्या निफ्टी इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीतल्या सगळ्या कंपन्यांत पैसे वाटणाऱ्या म्युच्युअल फंडात, दीड-दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने घाला आणि तिची दहावी झाली की हळूहळू बाहेर काढा. एवढीच जोखीम, याहून जास्त नको.

माझ्या सल्ल्यात तोटा नाही का? आहे. कर्जावर ८.२५ टक्के देणार आणि एफडीवर साडेसहाच्या आसपास मिळणार. कर्जाच्या उरलेल्या १६ लाखांवर हा फरक वर्षाला २८,००० रुपये होतो, महिन्याला २,३००. हाताशी रोकड ठेवण्याची ही किंमत आहे आणि तुमच्या घराने ती द्यावी असं माझं मत आहे. तुम्हाला पुन्हा ८.२५ ने कर्ज कोण देणार? अडचणीच्या वेळी पर्सनल लोन घेतलंत तर बारा-चौदा टक्के, तेही पगाराची स्लिप असली तर. तुमच्या बँकेत गृहकर्जाला जोडलेलं ओव्हरड्राफ्ट खातं मिळत असेल तर ते मात्र विचारा. त्यात ठेवलेल्या रकमेपुरतं व्याज लागत नाही आणि पैसे हवे तेव्हा काढता येतात. व्याजदर किंचित जास्त असतो, तरी तुमच्यासाठी एफडीपेक्षा ते सरस ठरेल.

कराचं पटकन. तुमच्या सीएने आयकराच्या ८०डीडीबी कलमाचं नाव काढलंय. कॅन्सरवरच्या खर्चाची ४०,००० रुपयांपर्यंतची वजावट खरी आहे, पण ती जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच लागत नाही आणि एफडीचं व्याज धरूनही मिस्टर त्याच्या आत बसतात. गृहकर्जाच्या व्याजाची वजावटही मग बिनकामाची. एका बँकेतलं व्याज वर्षाला ५०,००० च्या आत राहील असं बघा, म्हणजे टीडीएसही कापला जाणार नाही.

पीएफला हात लावू नका. दुकानाचं म्हणाल, तर धंदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण खताच्या धंद्यात उधारी द्राक्षाचे पैसे सुटेपर्यंत अडकते, आणि साध्या भागीदारीत दुकानाचं देणं भागीदाराच्या घरापर्यंत येऊ शकतं. मिस्टरांना खरंच आवड असेल तर रविवारी जाऊन बसू देत, हिशेब बघू देत. पैसा आणि सही मात्र नाही.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, भावाला नाही कसं म्हणायचं. त्याला सांगा, पैसे एफडीत अडकलेत. एफडी करून झाल्यावर सांगा, म्हणजे खोटंही होणार नाही.