ड्युटी हॉस्पिटलने कॅन्सल केली, मग रजा माझी का कापायची?

पेशंट कमी म्हणून हॉस्पिटलने नर्सची ड्युटी कॅन्सल केली तर तो दिवस आपल्या पगारी रजेतून कापायचा का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर, अजिबात नाही. रजा आपण मागतो, अर्ज आपण करतो. अर्जच केला नाही तर ती रजा कसली?

माझ्याबरोबर हे दिवाळीत झालं. दिवाळीत लोक प्लॅन्ड ऑपरेशनं पुढे ढकलतात, वॉर्ड अर्धा रिकामा असतो. मी डोंबिवलीहून सहाची लोकल पकडून आलेली, युनिफॉर्म घालून, फराळाचा डबा लॉकरमध्ये ठेवून हँडओव्हर घ्यायला उभी, आणि इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, सेन्सस, म्हणजे वॉर्डातली पेशंटची संख्या, कमी आहे, जा घरी, सण आहे ना. मी थँक्यू म्हणून डबा उचलून निघाले. त्या आठवड्यात असं तीनदा झालं. महिनाअखेरीला पगाराच्या स्लिपवर सीएल (कॅज्युअल लीव्ह, किरकोळ रजा) ३! एचआरला विचारलं तर म्हणे, मॅडम, तुम्ही घरीच होतात ना.

डिसेंबरमध्ये सांगलीला आई पडली, खुबा मोडला. सीएलचा बॅलन्स शून्य, पीएल (साठवता येणारी पगारी रजा) आधीच संपलेली. चार दिवस बिनपगारी काढले आणि पाचव्या दिवशी आईला वॉकरवर उभं करायच्या आधीच परत आले, नाईट लागली होती.

आता नियम. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा हॉस्पिटललाही लागतो. वर्षाला ८ सीएल, वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे १ पगारी रजा, म्हणजे पीएल, ती ४५ पर्यंत साठते. सणांच्या ८ पगारी सुट्ट्या वेगळ्या, त्या यात मिसळू देऊ नका. सीएल वर्षाअखेरीला लॅप्स होते, म्हणून एचआर पहिला हात तिलाच घालतं.

घरी पाठवलं तर आधी पंच करा, आणि तिथूनच इनचार्जला मेसेज टाका, "सेन्सस कमी असल्याने तुमच्या सांगण्यावरून ८:१० ला निघतेय, मी रजा मागितलेली नाही." रोस्टरचा फोटो ठेवा. नंतर रजेच्या फॉर्मवर सही मागतात, ती करू नका.

माझी एक बॅचमेट, आता ती स्वतः इनचार्ज आहे, अजून मला म्हणते की घरी दिवाळी मिळाली ना, मग कशाला धरून बसलीस. अगं बाई, मी दिवाळी मागितलीच नव्हती, मी ड्युटीवर आले होते, युनिफॉर्म घालून! माझ्या हक्काच्या दिवसांनी हॉस्पिटलचे रिकामे बेड का भरून काढायचे?

हे सगळं पर्मनंट स्टाफचं सांगतेय हां. नर्स पुरवणाऱ्या ब्युरोतर्फे जाणाऱ्यांना शिफ्टमागे पैसे असतात, महापालिकेच्या आणि सरकारी सिस्टरांचे रजेचे नियम वेगळे, आणि छोट्या नर्सिंग होममध्ये स्टाफ किती त्यावरही बरंच ठरतं, त्यामुळे भांडायला जायच्या आधी अपॉइंटमेंट लेटर एकदा नीट वाचा.