वाचक विचारतात : ग्रॅमी पुरस्कार नेमका कशाला मिळतो?

अमेरिकेतील रेकॉर्डिंग अकादमी दरवर्षी देत असलेल्या ग्रॅमी पुरस्कारांविषयी वाचकांनी पाठवलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रांतील प्रश्न निरनिराळे असले, तरी बहुतेकांचे उत्तर एकाच गोष्टीपाशी येऊन थांबते, ती म्हणजे हा पुरस्कार कलावंताच्या आयुष्यभराच्या साधनेचा नसून विशिष्ट मुदतीत बाजारात आलेल्या एका ध्वनिमुद्रणाचा असतो. आजीवन कार्याचा गौरव अकादमी करते, पण तो वेगळा आणि त्याला स्पर्धा नसते.

प्रश्न : आमच्या तालुक्यातील एका तरुण बासरीवादकाचा अल्बम ‘ग्रॅमीच्या शर्यतीत’ असल्याची बातमी आली आणि त्याचा जाहीर सत्कारही झाला. पुढे काहीच कळले नाही. ही बातमी खोटी होती का?
(एक संगीतशिक्षिका, जिल्हा सांगली)

उत्तर : बातमी खोटी असेलच असे नाही, परंतु तिचा अर्थ वाचकांपर्यंत चुकीचा पोहोचला असण्याची शक्यता मोठी आहे. ग्रॅमीसाठी प्रथम प्रवेशिका दाखल करावी लागते आणि ती अकादमीच्या सभासदाला किंवा अकादमीकडे नोंदणी केलेल्या ध्वनिमुद्रण कंपनीलाच करता येते. आलेल्या प्रवेशिकांची तज्ज्ञ छाननी करतात, मात्र त्या छाननीत गुणवत्ता तपासली जात नाही. ध्वनिमुद्रण ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध झाले आहे का आणि ते योग्य विभागात दाखल केले आहे का, एवढेच तेथे पाहिले जाते. या चाळणीतून पार पडलेल्या हजारो प्रवेशिका पहिल्या फेरीच्या मतपत्रिकेवर येतात. आपल्याकडे ‘ग्रॅमीसाठी निवड’, ‘ग्रॅमीच्या यादीत समावेश’ अशा मथळ्यांनी छापल्या जाणाऱ्या कितीतरी बातम्या याच टप्प्यावरच्या असतात. पहिल्या फेरीच्या मतदानानंतर बहुतेक विभागांत पाच ध्वनिमुद्रणे उरतात. नामांकन म्हणायचे ते याला. त्यानंतर दुसऱ्या फेरीच्या मतदानातून विजेता ठरतो.

मतदान करणारे हजारो सभासद स्वतः गायक, वादक, संगीतकार, गीतकार, निर्माते किंवा ध्वनिमुद्रण अभियंते असतात. कोणीही सर्व विभागांत मत देऊ शकत नाही. प्रमुख सहा पुरस्कारांखेरीज आपल्या जाणकारीच्या जास्तीत जास्त तीन क्षेत्रांतील दहा विभागांपुरतेच मत देण्याची मुभा प्रत्येकाला असते. ही पद्धत निर्दोष नाही, कारण ज्याचे नाव मतदारांच्या कानावर पूर्वीच पडलेले आहे, त्याच्या ध्वनिमुद्रणाला ते आधी ऐकले जाण्याचा लाभ मिळतोच.

आपल्या तालुक्यातील त्या तरुणाने अल्बम तयार केला, तो परदेशी वितरित केला आणि प्रवेशिकेच्या अटी पूर्ण केल्या, हेही कष्टाचे काम आहे आणि त्याचे कौतुक करण्यात काहीच गैर नाही. बातमी देणाऱ्याने मात्र ‘प्रवेशिका स्वीकारली गेली’ असे स्पष्ट लिहावे. तसे न लिहिल्यास पुढे निकाल लागतो तेव्हा त्या मुलाच्या वाट्याला अकारण अपयश येते.

प्रश्न : भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यापैकी कोणालाही ग्रॅमी मिळाला नाही. मग या पुरस्काराला जगातील सर्वोच्च संगीत पुरस्कार कसे म्हणायचे?
(एक निवृत्त प्राध्यापक, पुणे)

उत्तर : तसे म्हणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योगाचा सर्वांत प्रतिष्ठित पुरस्कार आहे आणि तेवढे वर्णन त्याला पुरेसे मोठे आहे.

पहिला समारंभ ४ मे १९५९ रोजी बेव्हर्ली हिल्स आणि न्यूयॉर्क येथे एकाच दिवशी झाला, त्या वेळी एकूण २८ विभाग होते. पाश्चात्त्य अभिजात संगीताला त्यांत प्रारंभापासून हक्काची जागा होती. सर जॉर्ज शोल्टी या वाद्यवृंद-संचालकांनी ३१ पुरस्कार मिळवून केलेला विक्रम २०२३ मध्ये बियॉन्सेने मोडेपर्यंत अबाधित होता, हे आज अनेकांना आश्चर्याचे वाटते. शोल्टींच्या श्रेष्ठतेविषयी दुमत नाही. पण त्यांच्या मागे मोठी ध्वनिमुद्रण कंपनी होती, शिकागो सिंफनीसारखा वाद्यवृंद होता आणि लिखित संगीताचे परिपूर्ण ध्वनिमुद्रण हेच एक कलारूप मानणारी परंपरा होती, हेही तितकेच खरे आहे.

ख्यालगायकीचे तसे नाही. तिची खरी जागा मैफल आहे. समोर बसलेला श्रोता, साथीदारांचा त्या दिवसाचा रंग आणि रागाची वेळ यांतून घडणारी गोष्ट तबकडीवर उतरते तेव्हा तिचा एक अंशच उतरतो. आपल्या कलावंतांना मान्यता मिळाली ती १९५३ मध्ये पुण्यात भीमसेनजींनी सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या व्यासपीठांवर आणि आकाशवाणीवर. त्यांच्या ध्वनिमुद्रिका अप्रतिम आहेत, परंतु त्या मुख्यतः भारतीय बाजारपेठेसाठी निघाल्या. ग्रॅमीला मात्र अमेरिकेत रीतसर वितरित झालेले ध्वनिमुद्रणच चालते. दाराशी न गेलेल्याला आत घेतले नाही, असा दोष त्या संस्थेला देता येणार नाही.

ती संस्था जिथे कमी पडली ती जागा वेगळी आहे. युरोप-अमेरिकेबाहेरच्या संगीतासाठी तिच्याकडे स्वतंत्र विभागच नव्हता आणि तो प्रथम दिला गेला १९९२ मध्ये. त्यापूर्वी, १९६८ साली, पंडित रविशंकर यांना व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्यासह पहिला ग्रॅमी मिळाला, तो पाश्चात्त्य कक्षसंगीताच्या, म्हणजे मोजक्या वादकांनी एकत्र सादर करायच्या संगीताच्या विभागात. पुढची नावे पाहावीत. १९९४ मध्ये मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट यांना हा पुरस्कार मिळाला तो गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबरच्या अल्बमसाठी. २००९ मध्ये उस्ताद झाकिर हुसेन यांना मिळाला तो मिकी हार्ट व अन्य तालवादकांबरोबरच्या अल्बमसाठी. २०२४ मध्ये ‘शक्ती’ या वृंदाला मिळाला आणि त्या वृंदात झाकिरभाई, शंकर महादेवन, गणेश राजगोपालन व सेल्वागणेश यांच्याबरोबर इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन होते. भारतीय अभिजात वादकांना मिळालेल्या या पुरस्कारांपैकी बहुतेक पश्चिमेतील एखाद्या परिचित कलावंताच्या सोबतीने आलेले आहेत. याला मोठा अपवाद पुन्हा रविशंकरच. कार्नेगी हॉलमधील २००० सालच्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांना २००२ मध्ये आणि मरणोत्तर २०१३ मध्ये ग्रॅमी मिळाला तो निखळ सतारवादनासाठी. पण तोवर पाच दशके त्यांनी अमेरिकेतील श्रोत्यांचे कान तयार केले होते. ज्यांनी ते केले नाही आणि आपल्या गावी, आपल्या भाषेच्या श्रोत्यांसमोर गात राहिले, त्यांची उंची मोजण्याचे माप त्या समारंभाकडे नाही.

या ओघात आशा भोसले यांच्या दोन नामांकनांची आठवण द्यायला हवी, कारण आपल्याकडे त्यांचा उल्लेख फारच कमी होतो. उस्ताद अली अकबर खाँ यांच्याबरोबर मैहर घराण्याच्या बंदिशी त्यांनी गायल्या त्या अल्बमला १९९७ च्या समारंभासाठी, आणि क्रोनॉस क्वार्टेट या तंतुवाद्यचमूबरोबर राहुलदेव बर्मन यांची गाणी नव्याने गायली त्या अल्बमला २००६ च्या समारंभासाठी नामांकन मिळाले होते. चित्रपटगीतांत आयुष्य घालवलेल्या गायिकेने साठीनंतर उस्तादांसमोर बसून बंदिशी आत्मसात केल्या, ही गोष्ट पुरस्कार मिळाला नाही म्हणून विसरण्याजोगी नाही.

प्रश्न : झाकिर हुसेन यांना नेमके किती ग्रॅमी मिळाले? काही ठिकाणी चार लिहिलेले असते, काही ठिकाणी पाच.
(एक तबलाविद्यार्थी, नाशिक)

उत्तर : विजेता म्हणून त्यांच्या नावावर चार आहेत. एक २००९ चा आणि तीन ४ फेब्रुवारी २०२४ या एकाच दिवशीचे. त्या तिन्हींपैकी एक ‘शक्ती’चा आणि उरलेले दोन बँजोवादक बेला फ्लेक, बासवादक एडगर मेयर व बासरीवादक राकेश चौरसिया यांच्याबरोबरचे होते. पाचवा मोजला जातो तो १९९२ च्या मिकी हार्ट यांच्या अल्बममुळे. जागतिक संगीताच्या नव्या विभागातील तो पहिलाच पुरस्कार, त्यात झाकिरभाई आणि घटम् वाजवणारे विक्कू विनायकराम यांचे वादन होते, परंतु पुरस्कार जाहीर झाला तो हार्ट यांच्या नावे.

हा फरक हिशेबातील चूक नव्हे, तो नियमांतून येतो. ज्याच्या नावावर ध्वनिमुद्रण प्रसिद्ध होते त्या कलावंताला ग्रामोफोनच्या आकाराचे सोनेरी मानचिन्ह मिळते. निर्माते आणि अभियंते यांना ते मिळण्यासाठी सर्वसाधारण अल्बम-विभागांत निम्म्याहून अधिक ध्वनिमुद्रण त्यांच्या हातचे असावे लागते. वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बम या प्रमुख पुरस्कारासाठी ही मर्यादा आता वीस टक्क्यांची आहे. इतर सहभागी वादक प्रमाणपत्रास पात्र असतात, पण विजेते म्हणून त्यांची नोंद होत नाही.

तबला शिकणाऱ्याने याच संदर्भात आणखी एक उदाहरण लक्षात ठेवावे. बांगलादेशातील निर्वासितांच्या मदतीसाठी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर यांनी जे कार्यक्रम केले, त्यांच्या ध्वनिमुद्रणाला १९७३ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कार मिळाला. विजेत्यांच्या यादीत हॅरिसन, रविशंकर, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार अशी आठ नावे आहेत. त्या दिवशी सरोद वाजवणारे अली अकबर खाँ त्या यादीत नाहीत आणि तबल्यावर असलेले झाकिरभाईंचे वडील उस्ताद अल्लारखाँ हेही नाहीत. वडिलांचे नाव जिथे गाळले गेले, तिथे एक्कावन्न वर्षांनी मुलाचे नाव एका दिवसात तीनदा पुकारले गेले. तबला हा साथीचा म्हणून मागे बसवला जाई, तो समोर आणण्यासाठी या दोन पिढ्यांनी काय केले, हे या दोन याद्या शेजारी ठेवल्या की समजते.

प्रश्न : लतादीदींच्या निधनानंतर ग्रॅमी समारंभातील श्रद्धांजलीत त्यांचे नाव नव्हते, याचे फार वाईट वाटले. याचे कारण काय असावे?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्याला वाटले तसे वाईट आम्हालाही वाटले. ३ एप्रिल २०२२ चा तो समारंभ लतादीदींच्या निधनानंतर दोन महिन्यांच्या आतच झाला होता. अमेरिकेच्या दूरचित्रवाणी प्रेक्षकांना ओळखीचे चेहरे आधी आणि जागा उरल्यास इतर, असाच विचार प्रक्षेपणातील त्या काही मिनिटांत होत असावा, असा आमचा तर्क आहे. मात्र २०२५ च्या प्रक्षेपणातील श्रद्धांजलीत झाकिर हुसेन यांचे नाव दिसले नाही, त्याला हे कारण लागू पडत नाही. आदल्याच वर्षी ज्या कलावंताला त्या संस्थेने तीन पुरस्कार दिले, त्याला ती ओळखत नव्हती असे कोण म्हणेल?

श्रेय कोणाला द्यायचे, या प्रश्नावर लतादीदींनी स्वतः जे केले ते यापेक्षा अधिक मोलाचे आहे. १९५४ पासून फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाले तेव्हा संगीतकाराला पुरस्कार होता, पण पार्श्वगायकाला नव्हता. शंकर-जयकिशन यांना ‘चोरी चोरी’साठी पुरस्कार मिळाला त्या समारंभात त्यातील गाणे गाण्याची विनंती झाली, तेव्हा गायकासाठी पुरस्कार नसताना मी गाणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. पार्श्वगायनाचा पुरस्कार १९५९ मध्ये सुरू झाला आणि पहिला मान ‘मधुमती’तील गीतासाठी त्यांनाच मिळाला. कित्येक वर्षे गायक आणि गायिका मिळून एकच पुरस्कार होता. तो वेगवेगळा झाल्यावर काही काळातच, नव्या आवाजांना वाव मिळावा म्हणून, त्यांनी हा पुरस्कार स्वतः स्वीकारणे थांबवले.

प्रश्न : पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरी यांना ग्रॅमी मिळाला होता का?
(एक वाचक, वाई)

उत्तर : नाही. त्यांच्या ‘क्वीन’ या वृंदाला नामांकने मिळाली, पण स्पर्धेतील पुरस्कार एकदाही मिळाला नाही. २०१८ मध्ये वृंदाला आजीवन गौरव देण्यात आला, त्या वेळी फ्रेडी यांच्या निधनाला सव्वीस वर्षे होऊन गेली होती.

प्रश्न : आम्ही येथील मराठी मंडळातील काही जण अभंग आणि भावगीतांचा अल्बम करत आहोत. मराठी भाषेतील अल्बम ग्रॅमीसाठी पाठवता येतो का?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : अवश्य पाठवता येतो. भाषेची अट नाही. जागतिक संगीताच्या अल्बमचा विभाग आपल्यासाठी खुला आहे आणि २०२२ पासून एकेका रचनेच्या सादरीकरणासाठीही वेगळा विभाग आहे. पहिल्याच वर्षी तो मूळच्या पाकिस्तानी असलेल्या अरूज आफताब यांना उर्दू गझलेसाठी मिळाला. मुंबईत वाढलेल्या फाल्गुनी शाह यांना त्याच समारंभात बालसंगीताचा पुरस्कार मिळाला. त्यामुळे बालगीतांचा अल्बम करण्याचा विचार असेल, तर तोही विभाग पाहावा.

पात्रतेची मुदत साधारणतः अमेरिकेतील उन्हाळ्याच्या अखेरीस संपते आणि तिच्या तारखा दरवर्षी थोड्या बदलतात, म्हणून अल्बम प्रसिद्ध करण्याचा दिवस ठरवण्यापूर्वी अकादमीची त्या वर्षीची नियमावली वाचावी. प्रवेशिका दाखल करण्यासाठी सभासद किंवा नोंदणीकृत कंपनी लागते, तिची व्यवस्था ध्वनिमुद्रण सुरू असतानाच करावी. आणि श्रेयनामावली पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावी. कोणत्या अभंगाला पखवाज कोणी वाजवला, टाळ कोणाचे, संवादिनीवर कोण होते, तानपुऱ्यावर कोण बसले होते, कोणते गीत कोणत्या अभियंत्याने मुद्रित केले, हे गीतवार आणि मिनिटांसह नोंदवावे. आपल्याकडील कितीतरी जुन्या ध्वनिमुद्रिकांवर साथीदारांची नावेच छापलेली नाहीत आणि ती शोधण्यासाठी अभ्यासकांना आजही धडपडावे लागते. प्रवेशिका पाठवायची नसेल तरीही ही नोंद ठेवा, आणि अल्बमबरोबर ती छापा.