सोसायटीचा नियम कोणी केला हे विचारणं म्हणजे भांडखोरपणा का?

तुम्ही लिहिलंय, फ्लॅट भाड्याने दिल्यापासून बिलात दरमहा 1,500 रुपये नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, लागतायत. कारण विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, "आपल्याकडे नियमच आहे." आणि आता शेजारी तुम्हाला भांडखोर म्हणतायत.

मुळीच नाही. "नियम आहे" हे उत्तरच नव्हे. सोसायटीचा नियम एक तर उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नोंदणीकृत नियमावलीत (बाय-लॉज) असतो, नाहीतर सर्वसाधारण सभेच्या ठरावात. दोन्हीकडे नसेल, तर तो नोटीस बोर्डावर टाचणीने लावलेला कागद, बाकी काही नाही.

आता तुमच्या पैशांचं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 79अ खाली शासनाने 1 ऑगस्ट 2001 ला आदेश काढलाय: हे शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवा शुल्काच्या, अख्ख्या बिलाच्या नव्हे. सगळी गडबड इथेच होते. समजा बिल 4,200 चं आहे: मालमत्ता कर 900, पाणीपट्टी 300, सिंकिंग फंड 250, दुरुस्ती निधी 750, लिफ्ट 200 आणि सेवा शुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, ऑडिट फी वगैरे, 1,800. दहा टक्के या 1,800 चे. झाले 180. कित्येक सोसायट्या सगळं एकत्र करून 'मेंटेनन्स' अशी एकच ओळ छापतात आणि 4,200 वर 420 लावतात. काही तर चौरस फुटावर लावतात. म्हणून आधी बाबवार बिल मागा. आणि फ्लॅटमध्ये आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही.

तोंडी विचारू नका. तोंडी विचारलं की भांडण होतं, लेखी विचारलं की कपाट उघडावं लागतं. अर्जात तीनच गोष्टी मागा: ठराव कोणत्या तारखेच्या सभेत झाला, ठरावाचा क्रमांक, आणि उपविधीतलं कलम. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का, तारीख आणि सहीसकट पोच घ्या. अर्ज घेतला नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. सभेचं इतिवृत्त पाहणं हा सभासदाचा कायदेशीर हक्क आहे, कमिटीची मेहेरबानी नव्हे.

इतिवृत्त हातात आलं की शेवटचं पान आधी बघा: "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". निम्मे लोक चहाला उठलेले असताना असले नियम तिथे घुसवले जातात. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी लागते ती याचसाठी. उपविधीच बदलायचा तर दोन तृतीयांश बहुमत आणि वर निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे, नोंदणी लागते. नुसता ठराव पुरत नाही.

"घरकाम करणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये" ही पाटीही याच जातीची. सातव्या मजल्यावर तुमचीच भांडी घासायला जाणाऱ्या बाईला जिना चढायला लावायचा, आणि ठराव मागितला की "पूर्वीपासून आहे" म्हणायचं! अशी पाटी दिसली की ठराव मागायलाच हवा. "सगळे भरतात, तुम्हालाच काय त्रास?" हा तर माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारा प्रश्न. सगळे भरतात कारण कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत आणि 1,500 चे 180 झाले, तर फ्लॅट भाड्याने दिलेल्या बाकीच्यांचेही कमी होतील, आणि तुम्हाला भांडखोर म्हणणारेही ती सवलत गुपचूप घेतील.

विचारल्यावर खरं कारणही निघतं कधी कधी. गेटच्या आत गाडी लावू नका, कारण अग्निशमन दलाचा बंब आत वळला पाहिजे. हा नियम ऐकल्याक्षणी पाळायचा. तळमजल्यावाल्यांनीही लिफ्टचा खर्च सारखाच द्यायचा हेसुद्धा उपविधीतच आहे, त्यावर वाद घालून उपयोग नाही.

एक राहिलंच. वाद चालू आहे म्हणून बिल थांबवू नका. थकबाकीवर उपविधीतल्या मर्यादेपर्यंत सरळव्याज लागू शकतं, आणि थकबाकीदार ठरलात की उपनिबंधकांकडे तक्रार नेताना तुमचीच बाजू लंगडी पडते. रक्कम भरा आणि त्याच दिवशी सोसायटीला ईमेल करा: "नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसबद्दलची हरकत कायम ठेवून हा भरणा केला आहे; जादा घेतलेली रक्कम पुढील बिलात वळती करावी." दर महिन्याला करा, एकही महिना चुकवू नका.