सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांनी जुन्या करारातली भविष्यं ओढूनताणून येशूवर बसवली का?

ओढूनताणून? काही ठिकाणी हो, चांगलीच. पण तुमच्या प्रश्नाला ‘फसवलं ना लोकांना?’ असा जो सूर आहे, तो मला पटत नाही. आणि याच्या बरोबर उलटा सूर मी घरातच इतकी वर्षं ऐकलाय की लिहिल्याशिवाय राहवेना.

नगरकडच्या आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) मी संडे स्कूल घ्यायचो. नाताळ जवळ आला की हॉलमध्ये एक तक्ता लागायचा. डावीकडे जुन्या करारातली, म्हणजे यहुद्यांच्याही शास्त्रातली, वचनं, उजवीकडे येशूबद्दलच्या नव्या करारातली, मध्ये लाल लोकरीचे धागे. यशया ७ (कुमारीला पुत्र होईल) पासून मत्तय १ ला, मीखा ५ पासून मत्तय २ ला. मुलं धागे ताणण्यात खूश. त्यात होशेय ११:१ असायचंच: मी माझ्या पुत्राला मिसरातून (इजिप्तमधून) बोलावलं. योसेफ आणि मरीया बाळाला घेऊन मिसरला जातात, तिथे शुभवर्तमान लिहिणारा मत्तय हे वचन लावतो. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने कार्ड बाजूला ठेवून सरळ बायबल उघडलं. म्हणाली, “सर, इथे पुत्र म्हणजे इस्राएल लोक असं लिहिलंय. आणि पुढच्याच वचनात ते लोक बआलाला बळी देतायत, मूर्तींपुढे धूप जाळतायत. मग हा येशू कसा?”

इतक्या वर्षांत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. म्हटलं, बरोबर वाचलंस. होशेय संदेष्टा येशूच्या सातशेहून जास्त वर्षं आधीचा, आणि या वचनात तो पुढचं सांगतच नाहीये. मिसरातून सुटका झाली ती मागची गोष्ट सांगतोय. मत्तयाला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याचं म्हणणं इतकंच की इस्राएलाच्या वाट्याला जे आलं ते येशूच्या वाट्याला पुन्हा आलं, फक्त या खेपेला पुत्राने बापाचं ऐकलं.

आमचे थोरले साडू मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीवर. दारात उभे राहून सगळं ऐकत होते. “अहो, पोरांच्या डोक्यात शंका कशाला घालता? भविष्य सांगितलं, पूर्ण झालं, विषय संपला.” पुढच्या वर्षी माझा वर्ग दुसऱ्याकडे गेला. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तर मुद्दा असा. हे पहिले ख्रिस्ती लोक भविष्यांची यादी हातात घेऊन मशीहा (देव पाठवणार असलेला राजा) शोधायला निघाले नव्हते. आधी येशू, त्याचा वधस्तंभ, तो उठला हा विश्वास. मग शास्त्र उघडलं. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला बसावं तसं. मशीहा रोमी लोकांच्या हातून असा मरेल ही अपेक्षा कुणाचीच नव्हती, त्यामुळे छळ आणि दुःख सोसणाऱ्या माणसाबद्दलचे स्तोत्र २२ आणि यशया ५३ त्यांना नव्याने वाचावं लागलं. आणि ही पद्धत त्यांनी शोधून काढलेली नाही. मृत समुद्राकाठी कुम्रानला १९४७ मध्ये ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकावरचं यहुदी भाष्य आहे. हबक्कूक बोलतो खास्द्यांबद्दल, म्हणजे बाबेलवाल्यांबद्दल, भाष्यकार सरळ आपल्या काळातल्या शत्रूंचा, म्हणजे बहुधा रोमी लोकांचा, अर्थ लावतो. आपल्या यहुदी पंथाचा गुरूही त्याला त्याच पुस्तकात दिसतो. मत्तय त्याच मुशीतला.

पुढचे काही लेखक मात्र सुटलेच. ‘बर्णबाचं पत्र’ म्हणून एक जुनं लिखाण आहे. अब्राहामाची ३१८ माणसं घेऊन लेखक बसतो: ग्रीक आकड्यांत १८ म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरं, ३०० म्हणजे ‘टाउ’ अक्षर, दिसायला वधस्तंभासारखं. झाला सिद्धांत! अब्राहामाला ग्रीक आकडे कुणी शिकवले हे विचारायचं नाही.

माझा खरा राग आहे तो जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकावर. साधारण इसवी सन १६० च्या सुमाराला त्याने त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहिला. त्रिफो म्हणतो, यशया ७ आहाज राजाच्या काळातलं आहे, त्याच्या मुलाबद्दल, हिज्कीयाबद्दल आहे. रास्त मुद्दा. जस्टिन उत्तरं देतो, पण मध्येच आरोप करतो की स्तोत्र ९६ मधून ‘लाकडावरून’ (म्हणजे वधस्तंभावरून) प्रभू राज्य करतो हे शब्द तुमच्या लोकांनी काढून टाकले. हिब्रू हस्तलिखितांत ते शब्द मिळत नाहीत; कुणा ख्रिस्ती माणसानेच घातले असावेत. इथे वाचनाचं खटल्यात रूपांतर झालं: आमचं वाचन हा पुरावा, न पटणारा तो आरोपी. पुढची कित्येक शतकं यहुद्यांनी ते भोगलं. तक्त्यावर माझा राग आहे तो त्यामुळे. लाल धाग्याला समोरच्याचं म्हणणं ऐकायची सोय नसते.

ओरिजेन हा नंतरचा ख्रिस्ती विद्वान त्यापेक्षा बरा. यशया ५३ मधला दुःख सोसणारा सेवक म्हणजे अख्खी यहुदी प्रजा, असं यहुदी विद्वान आपल्याला म्हणाले हे तो सरळ नोंदवतो, मग विचारतो: माझ्या लोकांच्या अपराधामुळे तो मेला असं लिहिलंय, तर मग तो लोकांहून वेगळा नको का? पटो न पटो, याला वाद म्हणतात. आणि मॉप्सुएस्टियाचा बिशप थिओडोर तर म्हणायचा की थेट ख्रिस्ताबद्दलची स्तोत्रं फक्त चार. तो ४२८ मध्ये वारला, ५५३ च्या चर्च परिषदेने त्याला दोषी ठरवलं. पंच कमिट्या तेव्हाही होत्या.

एक सांगायचं राहिलं. सगळीच वचनं अशी मागाहून लावलेली नाहीत. २ शमुवेल ७ मधलं दावीद राजाच्या वंशाचं राज्य कायम राहील हे वचन कुम्रानवालेही येणाऱ्या मशीहाकडेच नेतात. त्यामुळे ‘सगळं ओढूनताणून’ असं म्हणणाराही धडा न वाचताच बोलतोय, आमच्या साडूंसारखाच.

वाचायचं असेल तर माझा राग बाजूला ठेवून जस्टिनचा तो संवादच आधी वाचा. शेवटी त्रिफोला काहीच पटलेलं नसतं, तरी तो म्हणतो की बोलून बरं वाटलं, असं वरचेवर बसता आलं तर आणखी फायदा होईल. जस्टिन प्रवासाला निघालेला असतो, त्याला शुभेच्छा देऊन मंडळी आपापल्या वाटेने जातात. आमचे साडू लग्नकार्यात समोर आले तरी फक्त “जेवलात का?” एवढंच विचारतात.