टायफॉइडचं सर्टिफिकेट

प्रिय पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. मालिकेत लीप येणार, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे उडी मारणार, त्यानंतर तुझ्या पात्राला सोळा वर्षांची मुलगी दाखवणार, चोविसाव्या वर्षी कानशिलावर पांढरे केस रंगवून घ्यायची तुझी तयारी नाही, कॉन्ट्रॅक्टचे आठ महिने शिल्लक आहेत, इथवर मी तुझ्या बाजूची होते. मग तू म्हणालीस, "ताई, डॉक्टर ओळखीचे आहेत, टायफॉइडचं सर्टिफिकेट देतील." तिथे मी फोन उपडा ठेवला.

नाही म्हणायचंय ना? मग तोंडावर म्हण.

ऑलिव्हिया डी हॅविलंड तुला नावानं ठाऊक नसेल. जुन्या हॉलिवूडची नटी, 'गॉन विथ द विंड'मधली सोशिक मेलनी. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओशी तिचा 1936 पासून सात वर्षांचा करार होता. एरॉल फ्लिनची नायिका म्हणून तिला इतक्यांदा उभं केलं, की तलवारबाजी त्यानं करायची आणि हिनं डोळे मोठे करून बघायचं, हे ठरूनच गेलं होतं. मेलनीसाठी तिला दुसऱ्या निर्मात्याकडे जाऊ द्यायलाही स्टुडिओचा प्रमुख जॅक वॉर्नर तयार नव्हता. तेव्हा हिनं त्याच्या बायकोला चहाला बोलावून गळ घातली. (आडवाटच ती. पण आधी त्याला समोर विचारून झालं होतं.)

पुढे पुढे पटत नाहीत त्या भूमिका ती नाकारू लागली. नाकारली की सस्पेन्शन. पगार बंद, शिवाय घरी बसलेले दिवस कराराच्या शेपटाला जोडायचे. म्हणजे नाही म्हणणाऱ्याची सात वर्षं कधी संपायचीच नाहीत! 1943 च्या मे महिन्यात तिची संपली, तर स्टुडिओ म्हणाला, अजून 25 आठवडे बाकी आहेत. त्याच साली ती कोर्टात गेली. याच स्टुडिओविरुद्ध दुसरी नटी बेटी डेव्हिस 1936 साली लंडनच्या कोर्टात हरली होती, हे माहीत असून गेली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात माणसाला चाकरीच्या करारानं सात वर्षांपलीकडे बांधता येत नाही असं कलम होतं. वाद एवढाच, की सात वर्षं मोजायची कशी, कॅलेंडरची की कामाच्या दिवसांची? 1944 च्या डिसेंबरात अपील कोर्टानं सांगितलं, कॅलेंडरची. त्या निकालाला आजही तिच्याच नावानं ओळखतात.

निकाल लागेपर्यंत वॉर्नरनं बाकीच्या स्टुडिओंना पत्रं धाडली होती. जवळजवळ दोन वर्षं हिला काम नाही. त्या काळात ती जखमी सैनिकांना भेटत अल्यूशियन बेटांपासून फिजीपर्यंत फिरली, आणि फिजीत न्यूमोनियानं लष्करी इस्पितळात पडली. खरा न्यूमोनिया, बरं का.

तो कायदा कॅलिफोर्नियाचा, गोरेगावात चालत नाही, हे मला कळतं. मी तुला कोर्टात जा म्हणत नाहीये. तोंडावर नाही म्हण, एवढंच म्हणतेय.

आणि पुढचं नीट वाच. सुटल्यावर तिला पहिलं ऑस्कर मिळालं ते 1946 सालच्या 'टू ईच हिज ओन'साठी. त्यात ती कोवळ्या मुलीपासून मोठ्या मुलाच्या आईपर्यंत म्हातारी होत जाते. स्वतः तिशीच्या आत होती. म्हणजे पांढऱ्या केसांचं तिला वावडं नव्हतं. मग तू नेमकं काय नाकारतेयस? आईपण, की लीपनंतर देवघरापुढे उभं राहून नुसतं "बाळा, जेवलीस का?" विचारणं? ते आधी स्वतःशी ठरव. ठरलं नाही म्हणून तर टायफॉइड आठवतो.

मला कावीळ आठवली होती. 1997 साली एका मालिकेत दर आठवड्याला सासूच्या हातची थप्पड खायचा ट्रॅक आला. मला तो नको होता. मी निरोप धाडला, कावीळ झालीय. पाचव्या दिवशी दुपारी दारात प्रॉडक्शनचा माणूस, हातात स्टीलची किटली, उसाचा रस घेऊन. गोरेगावहून डोंबिवलीला, लोकलनं. मी दार उघडलं तेव्हा माझ्या हाताला बेसन होतं आणि घरभर भज्यांचा वास. तो काही बोलला नाही. किटली ठेवली, "ताई, लवकर बऱ्या व्हा," म्हणाला आणि जिना उतरला. त्यानंतर त्या युनिटमधल्या कुणाचाच मला कधी फोन आला नाही. स्पष्ट नाही म्हटलं असतं तरी काम गेलंच असतं, ते कबूल. पण ती किटली माझ्याकडे राहिली नसती.

आता तू म्हणशील, ताई, तुमची वेळ वेगळी. होतीच. घराचा हप्ता होता, नवरा दौऱ्यावर, कराराची प्रत आमच्या हातात कुणी देत नसे, आणि बाई नाही म्हणाली की तिच्या डोक्यात हवा गेली, असं सेटवर दुपारपर्यंत पसरायचं. यातलं एकही खोटं नाही. फक्त हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या दिवशी मला नुसती भीती वाटत होती.

ऑलिव्हियाबाई शेवटपर्यंत तशाच. 1986 सालच्या टीव्हीवरच्या कामासाठी गोल्डन ग्लोब घेतलं. एका मालिकेत आपल्याला परवानगीवाचून दाखवलं म्हणून 101 व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दावा ठोकला, आणि हरल्या. मला तर वाटतं, तो दावा हरायलाच हवा होता. पण दाव्यावर सही स्वतःची, डॉक्टरची नाही. 2020 साली पॅरिसमध्ये गेल्या, 104 वर्षांच्या होऊन.

असो. चॅनलच्या माणसाला भेटायचं तर सोमवारी सकाळी भेट, पॅकअपनंतर नको, तेव्हा सगळेच चिडलेले असतात. बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेला साठा, किती एपिसोडची आहे ते आधी विचारून घे. नोटीस किती दिवसांची लिहिलीय ते कॉन्ट्रॅक्टमध्ये बघ, सापडलं नाही तर रविवारी प्रत घेऊन माझ्याकडे ये. चष्मा लावून दोघी वाचू. आणि त्या डॉक्टरांना आजच फोन करून नको म्हणून सांग.

तुझी,
ताई