आजोबांची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची असेल तर कामाचा क्रम

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: १९८४ची प्रीमियर पद्मिनी, आजोबांच्या नावावर, अकरा वर्षं सांगलीच्या घराच्या पडवीत उभी. गॅरेजवाला म्हणतो, आधी इंजिन हाफ करू (म्हणजे अर्धं खोलून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदलू), मग रंग, दोन महिन्यांत गाडी हातात. तुम्ही विचारलंय की हा क्रम बरोबर आहे का.

नाही. इंजिन हे या गाडीतलं सगळ्यात सोपं काम आहे. १०८९ सीसीचं, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचं (पिस्टनची धाव) साधं फियाट इंजिन. ते कुठलाही जुना फिटर चार दिवसांत बांधून देतो. पण आज बांधलं आणि पत्राकाम आठ महिने रेंगाळलं (रेंगाळतंच), तर नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला न चालवताच गंजतात आणि तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं. क्रम असा ठेवा: कागद, सांगाडा, ब्रेक, इंजिन, वायरिंग, आणि अगदी शेवटी रंग नि क्रोम.

कागद आधी का, तर पंधरा वर्षांची नोंदणी कधीच संपलेली असणार आणि मालक हयात नाही. आधी वारसाच्या नावावर हस्तांतर, त्याला फॉर्म ३१ लागतो. नेहमीच्या विक्रीचा फॉर्म ३० इथे चालत नाही. मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती हाताशी ठेवा. त्यानंतर नूतनीकरणासाठी फॉर्म २५. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीचं हे शुल्क दहा हजार रुपये झालंय. त्याखेरीज उशिराचा दंड, पर्यावरण कर आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट वेगळी. त्याआधी एक गोष्ट बघा: तीन अक्षरी जुन्या नंबरची नोंद वाहन पोर्टलवर दिसते का? पुष्कळ जुनी पुस्तकं संगणकावर चढलेलीच नसतात. मग आरटीओत जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, आणि तिथे चॅसिस नंबरचा पेन्सिल ठसा मागतात. म्हणून त्या प्लेटवर ग्राइंडर किंवा प्रायमर फिरू देऊ नका. गंज काढायच्या उत्साहात नंबर पुसला गेला तर पुढची सगळी मेहनत भंगारात. व्हिंटेजची नोंदणी तुम्हाला लागू नाही; तिला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण लागतात.

आता सांगाडा, आणि खरा खर्च इथेच आहे. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही. फ्लोअर, दारांखालून जाणारी पोकळ पेटी म्हणजे सिल, मधला उंचवटा आणि टप हे सगळं मिळून गाडीचा कणा होतो. सिल कुजलं की गाडी मधोमध खचते आणि दारं नीट लागेनाशी होतात. परीक्षा सोपी आहे. दार उघडा, मागची कड हाताने वरखाली करून बिजागरी सैल नाही ना ते बघा, मग दार हळू बंद करा. बिजागरी घट्ट असून दार कुलपाच्या खिट्टीवर वर किंवा खाली आदळत असेल, तर सांगाडा हललाय. नंतर गाडीखाली जाऊन स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. घट्ट पत्र्याचा आवाज टणक येतो, कुजक्याचा बद्द. जॅक लावायच्या जागा, पुढच्या मडगार्डच्या आत चिखल साचतो तो कोपरा, बॅटरीखालचा ट्रे, डिकीचा तळ, काचेच्या रबराखालची चौकट आणि दारांच्या खालच्या कडा, या जागा हमखास गेलेल्या असतात. रंगावरून फडक्यात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आहे.

सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा अँगल टाकून वेल्ड करा, आणि कर्णाची मापं खडूने जमिनीवर लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर गाडी केळ्यासारखी वाकते, आणि मग ती सरळ करणारा माणूस जिल्ह्यात मिळत नाही. गाडी चाकांवर नको. चार लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर), सस्पेन्शनच्या मुळाशी टेकवून समतल उभी करा. पत्रा सीआरसीए (थंड लाटलेला पोलादी), सिलसाठी १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, बाकी फ्लोअरला २० गेज. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा लाटेसारखा उठतो, म्हणून मिग (वायर आपोआप पुढे सरकवणारं विजेचं वेल्डिंग) आणि ०.८ मिलिमीटरची वायर. सलग शिवण नको. टिपका टाका, दहा-बारा सेंटिमीटर सोडून पुढचा टाका, हात लावण्याइतका थंड होऊ द्या, मग मधल्या जागा भरा. गॅरेजवाल्याने कुजक्या पत्र्यावरच नवा पत्रा ठोकून वरून लांबी भरायचा विचार मांडला तर नम्रपणे नाही म्हणा. आतला गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो, आणि तीन पावसाळ्यांत फुगून वर येतो. पोकळ्यांच्या तळाची पाणी जायची छिद्रं वेल्डिंगने किंवा सीलंटने बुजवू नका. शेवटी, रंग झाल्यावर, लांब नळीने आत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) मारा.

एक स्थानिक सूचना. जून ते सप्टेंबर उघडा पत्रा ठेवू नका. सांगली कोकणाइतकी दमट नसली तरी पावसाळ्यात साफ केलेला पत्रा रात्रीत तांबडा पडतो. म्हणून त्या चार महिन्यांत कागद आणि सुट्या भागांची जमवाजमव करा (सांगाडा आधीच झाला असेल तर इंजिन, वायरिंग), पत्राकाम दिवाळीनंतर.

ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत, आणि अकरा वर्षं उभ्या गाडीत चाक सिलिंडर गंजून अडकलेले असतात. इथे फक्त वॉशर किट बदलून भागवू नका. सिलिंडरच्या बोअरमध्ये नखाला लागेल इतका खड्डा असेल तर नवा सिलिंडर किंवा आत स्लीव्ह (धातूची नळी). रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगलेले असतात. ब्रेक दाबला की तेल जातं, सोडला की परत येत नाही, आणि ड्रम तापून चाक जाम होतं. सगळे नवे घाला. तेल डॉट ३ किंवा डॉट ४, दर दोन वर्षांनी बदलायचं. जुन्या बाटलीतलं नको, ते हवेतली ओल पिऊन बसलेलं असतं. इंजिन ऑइल किंवा ग्रीसचा थेंबही सिस्टिममध्ये गेला तर सगळी रबरं फुगतात. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. त्याच वेळी किंगपिन आणि विशबोनच्या (पुढच्या चाकांच्या सांध्यांच्या) निपलांतून जुनं कडक ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही शिल्लक असो, अकरा वर्षं एका जागी उभे राहिलेले टायर टाकूनच द्यायचे.

इंजिनला पहिल्या दिवशी सेल्फ मारू नका, हीच चूक सगळे करतात. चिकटलेली रिंग जोरात फिरली की मोडते आणि सिलिंडरवर ओरखडा काढते. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चहाचा एक चमचा डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं सोडा, दोन दिवस ठेवा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडलने हळू फिरवा. अडलं तर जोर करू नका, थोडं मागे घ्या, पुन्हा पुढे. मोकळं झालं की ऑइल बदला आणि प्लग न लावताच सेल्फवर ऑइलचा दिवा विझेपर्यंत फिरवा. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा: थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही प्लग बाहेर, प्रत्येक सिलिंडरला सहा-सात फेरे. चौघांतला फरक दहा ते पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उघडायची गरजच नाही, गॅरेजवाला काहीही म्हणो. एखाद्यात कमी भरलं तर त्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

उघडावंच लागलं तर पिस्टन आधी हातात घ्या, मगच ब्लॉक बोअरिंगला द्या. ओव्हरसाइज पिस्टन मिळतील या भरवशावर बोअर केलेले ब्लॉक लेथवाल्यांच्या कोपऱ्यात पडलेले दिसतात. हेड अॅल्युमिनियमचं आहे. वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरल्याने पाण्याच्या वाटांभोवती ते खाल्लं जातं. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावा, ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर प्लेनिंग (मशीनवर घासून सपाट करणं), पण लागेल तेवढंच. रेडिएटरमध्ये पुढे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. थर्मोस्टॅट मेकॅनिकने कधीतरी ‘गरम होते’ म्हणून काढून फेकलेला असेल, तो परत बसवा. त्याच्याविना इंजिन कायम थंड राहतं, पेट्रोल खातं आणि ऑइलमध्ये गाळ होतो. प्लगची फट ०.६, पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या ठिणगीच्या स्विचची) ०.४५ मिलिमीटर, फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

पेट्रोल हा नवा प्रश्न आहे. ही गाडी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनली, आज पंपावर २० टक्के इथेनॉल आहे. त्याने तीन गोष्टी होतात. जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा मऊ पडून गळतो. गरम इंजिनावर गळती म्हणजे थेट आग, म्हणून इथेनॉल चालणारा होज आणि नवा पडदा हे पहिलं काम. दुसरं, इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा थर बसतो आणि आतून गंजवतो. तिसरं, मिश्रण पातळ होतं, गाडी चढाला झटके खाते आणि तापते. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) एक-दोन नंबरांनी मोठा केला की बरं वाटतं. टाकी उतरवून, आत मूठभर बारीक खडी टाकून हलवा, फॉस्फोरिक आम्लाच्या गंजनाशकाने धुवा, लगेच सुकवा. टाकीला भोक असेल तर वेल्डरकडे रिकामी म्हणून नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. पहिल्यांदा सुरू करताना पेट्रोल बाटलीतून द्या, टाकीतून नव्हे. पीयूसीला या वयाच्या चारचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. कार्ब्युरेटर स्वच्छ आणि पॉइंट नीट असतील तर गाडी सहज बसते.

वायरिंग पूर्ण नवं करा, तुकडे जोडू नका. कडक झालेली वायर वाकवली की आवरण तडकतं. इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी नवी, बसायची जागा चकचकीत घासलेली. ‘सेल्फ मरतो’ म्हणून बदललेल्या निम्म्या बॅटऱ्यांचा दोष त्या पट्टीत असतो. हेडलाइटला रिले (मोठा करंट परस्पर देणारा स्विच) टाका, नाहीतर सगळा करंट स्विचमधून जाऊन तो जळतो. चार्जिंग वेगात १३.८ ते १४.४ व्होल्ट हवं.

हँडल गिअर (स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा) अडकत असेल तर गिअरबॉक्स उतरवायची घाई नको. बहुतेकदा स्टिअरिंगच्या दांड्यापासून खाली येणाऱ्या लिंकेजचे बुश झिजलेले असतात. दोन-चारशे रुपयांचं काम. पहिल्या गिअरला सिंक्रो (चाकांचा वेग जुळवून गिअर सहज बसवणारी सोय) नाही, गाडी थांबल्यावरच टाकायचा. तेव्हा तिथला करकराट हा बिघाड नव्हे, चालवणाऱ्याची घाई.

सुट्या भागांची काळजी वाटते तेवढी नाही, कारण ही गाडी मुंबईची टॅक्सी होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून उतरली. त्यामुळे इंजिन-ब्रेकचा माल कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि पुण्याच्या नाना पेठेत अजून मिळतो. पण साठा आता भरला जात नाही. ब्रेक किट, पाण्याचा पंप, किंगपिन सेट, डिस्ट्रिब्युटर कॅप हे दोन-दोन घेऊन ठेवा. काचेची रबरं आणि बीडिंग नवी मिळतात, मात्र हातात घेऊन वाकवून बघा. स्वस्तातली दोन उन्हाळ्यांत फुटतात. मुठी, बॅज असे जस्ताच्या ओतकामाचे भाग खड्डे पडल्यावर क्रोमला देऊ नका. खड्डे घासताना कडा जातात. जुन्या बाजारात बरा नग शोधा. बंपर मात्र खुशाल द्या, पण तांबं आणि निकेलचा थर देणाऱ्याकडेच. थेट क्रोम मारलेला बंपर पहिल्या पावसात तांबडा होतो.

रंग. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, लांबी त्याच्यावर. लांबी पाणी शोषते, ती थेट पत्र्यावर नको. दोन मिलिमीटरच्या वर लांबी लागत असेल तर डेंटरचं काम बाकी आहे असं समजा. ८०, १८०, ३२० नंबरचा घासायचा कागद, मग सरफेसर, मग ६००ने पाण्यात घासून पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तोंडाला रुमाल बांधून ते थांबत नाही. बाहेरून हवा देणारा मास्क नसेल तर घरी फवारू नका, बूथवाल्याला द्या. आणि गाडीचा मूळ रंग शोधायचा असेल तर डॅशबोर्डच्या आत किंवा डिकीच्या रबराखाली बघा, तिथे सहसा कोणी रंग मारलेला नसतो.

आता तुमच्या गॅरेजवाल्याला एवढंच विचारा: सिल कापताना दाराच्या चौकटीला आधार कसा देणार? उत्तर लगेच आलं तर गाडी त्याच्याकडे सोडा. ‘त्याची काही गरज नसते’ म्हणाला तर इंजिन त्याच्याकडून करून घ्या, पत्राकामाला दुसरा शोधा.